मेहकर, लोणार, सिंदखेडराजा: जोडून सुटी आणि मोठेबाबा

यंदा २६ जानेवारी सोमवारी आली आणि नवऱ्याला शनिवारची सुटी असतेच, म्हटलं आता कोणाचाच बहाणा चालणार नाही. आम्ही अकोल्याचे. लोणारचं उल्केच्या खड्ड्यातलं तळं पाहायला कुठून कुठून लोक येतात आणि आमच्या सातवीतल्या पोरानं ते फक्त मोबाईलवर पाहिलेलं, हे जरा अतीच होत होतं. सुलतानपूरजवळच्या एका खेड्यात माझी आत्या राहते, शेतावरच घर आहे, त्यामुळे मुक्कामाचं टेन्शन नव्हतं. आत्याकडं जायचं म्हटल्यावर मोठेबाबांना नेणं आलंच, ती त्यांची सगळ्यात लहान बहीण.

मोठेबाबा म्हणजे माझ्या बाबांचे मोठे भाऊ. एसटीत ड्रायव्हर होते, रिटायर होऊन जमाना झाला, पण गाडीत अजून पुढच्याच सीटवर बसतात आणि वळण आलं की त्यांचा उजवा पाय आपोआप दाबला जातो, नवरा गाडी चालवताना तिरप्या नजरेनं ते बघतो आणि काही बोलत नाही. त्यांची अजून एक सवय म्हणजे कुठंही थांबलं की पहिला प्रश्न, "पानी कुठी हाय?" जुन्या गाड्या तापायच्या, रेडिएटरला पाणी लागायचं, त्यामुळे या रूटवरची एकेक विहीर, हापशी, बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर, त्यांना पाठ आहे. मी निघताना देवळं, वाडे, तळं असा हिशोब केला होता, पण त्यांच्यासोबत फिरलं की सगळी ट्रिप पाण्याच्या मागनंच होते, आणि खरं सांगू का, हा भाग बघायचा तर तसाच बघायला पाहिजे असं माझं आता पक्कं मत झालंय.

शनिवार

सकाळी सहाला निघालो. थंडी चांगलीच होती, काच खाली केली की पोरगं ओरडायचं. पातूरला पहिला स्टॉप, लेण्यांसाठी. पातूरच्या लेण्या अकोल्यातल्याही निम्म्या लोकांना माहीत नसतात. डोंगराच्या पोटात कोरलेल्या, काम अर्धवट टाकून कारागीर निघून गेल्यासारखं वाटतं, जाडे खांब, आत अंधार आणि वटवाघळांचा वास. वाकाटकांच्या काळातल्या समजतात. पोराला पाच मिनिटांत कंटाळा आला आणि मलाही वासामुळं फार थांबवलं नाही, पुढं निघालो.

पातूर सोडलं की घाट लागतो, सागाचं जंगल, मग मेडशी, मग मालेगाव. मालेगावला गरम आलुबोंडा आणि वरून तर्री. इथं आपण जुन्या नागपूर-मुंबई रोडला लागतो. हा रोड आता ओळखू येत नाही. नवा समृद्धी महामार्ग सुरू झाल्यापासून लांबची सगळी गाडी तिकडनं जाते, इकडं ढाबेच्या ढाबे बंद, एकदोन ठिकाणी तर बोर्ड आहे, बाहेर खाटा आहेत आणि माणूस नाही. मोठेबाबा म्हणे, "रात्री बाराले या रोडनं मले साइड भेटत नव्हती माय, ट्रकच ट्रक." आम्हाला साइडच साइड होती. गाडी चालवायला मजा येते पण ज्यांनी कर्ज काढून टायरचं दुकान टाकलं असेल त्यांचं काय झालं असेल हे मनात येतंच.

दोन्हीकडं शेतं बघत गेलो. हरभरा घाट्यावर आलेला, गहू ओंबीवर, तूर बहुतेक ठिकाणी कापून ढीग लावलेले, आणि मधूनमधून वाळलेल्या पऱ्हाट्यांवर अजून थोडा थोडा कापूस. नवरा बँकेतला माणूस, त्यानं विचारलं आता जानेवारीत हा कापूस कशाला ठेवलाय, बोंडअळी येते ना. मोठेबाबा म्हणाले, "फरदड हाय ती. अळीवाले सांगते उपटून टाक, अन् पोट सांगते राहू दे अजून एक येचा." यावर बँकेकडून काही उत्तर आलं नाही.

मेहकरला पोचलो तेव्हा अकरा वाजले असतील. पैनगंगेच्या काठचं गाव. नदी बुलडाणा जिल्ह्यातच उगम पावते आणि इथं ती अजून लहानच आहे, पुढं यवतमाळ-नांदेडकडं जिला बघून छाती दडपते ती हीच, हे सांगितल्यावर पोराचा विश्वास बसेना. शारंगधर बालाजीचं देऊळ म्हणजे मेहकरची शान. काळ्या दगडाची विष्णूमूर्ती, माणसापेक्षा उंच, एकाच दगडातली, आणि बाजूच्या प्रभावळीत इतकं बारीक काम की पुजारी हटकेपर्यंत मी पुढंच उभी होते. मूर्तीच्या बोटातल्या अंगठ्यासुद्धा कोरलेल्या आहेत. ही मूर्ती १८८८ साली खोदकामात सापडली. गावात सांगतात की इंग्रजांना ती विलायतेला न्यायची होती, तसा हुकूम यायच्या आधीच गावकऱ्यांनी घाईघाईनं प्रतिष्ठापना करून टाकली, एकदा देव बसला की हलवणार कोण. खरं किती, वाढीव किती देव जाणे, पण मूर्ती मेहकरातच आहे हे तर दिसतंय. शारंगधरानं इथं मेघंकर नावाचा राक्षस मारला अशी कथा, आणि लोणारला विष्णूनंच लवणासुर मारला. आपल्याकडं वीस-पंचवीस किलोमीटरला एक राक्षस गाडलेला आहे.

गावात एक जुनी दगडी धर्मशाळा आहे, खांबांच्या ओळीच्या ओळी, हेमाडपंती म्हणतात तसं बांधकाम. तिकडं कोणीच नव्हतं, दोन बकऱ्या सावलीत बसलेल्या. मोठेबाबा खांबाला टेकून बसले आणि अर्धा तास उठायचं नाव घेईनात.

मग कंचनीचा महाल. गावाबाहेर उंचवट्यावर पडकी वास्तू आहे, रस्ता विचारत विचारत जावं लागतं. गोष्ट अशी की कंचनी नावाची नर्तकी होती, तिला आपल्या महालाच्या गच्चीवरून लोणारच्या कमळजादेवीचा दिवा दिसायला हवा होता, म्हणून मजल्यावर मजले चढवत गेली, आणि सातव्या मजल्याला देवीचा कोप होऊन तिचा दगड झाला. मेहकरलाच वकिली करणारे कवी ना. घ. देशपांडे राहत, अशा गावात अशी गोष्ट असली की कवी व्हायला सोपं जात असणार. आता महालाचा एखाददुसरा मजलाच शिल्लक आहे. वर चढून आम्ही सगळे लोणारच्या दिशेनं बघत उभे राहिलो, सपाट शेतं, लांब समृद्धीवरून पळणाऱ्या गाड्या, बाकी काही नाही. मोठेबाबा खालूनच ओरडले, "अबे देवी तं खड्ड्याच्या बुडाशी हाय, सात मजल्यावरून काय सत्तर मजल्यावरून बी दिवा नाई दिसत!" नवऱ्यानं तिथल्या तिथं मोबाईलवर भूमितीचं गणित मांडायला घेतलं. बायकांच्या हौसेला शाप देणाऱ्या गोष्टी आपल्याकडं भरपूर आहेत, मला तर कंचनीचंच बरोबर वाटतं, तिला देवीचा दिवा बघायचा होता, यात देवीला राग यायला काय झालं.

चारच्या सुमाराला आत्याकडं पोचलो. आणि आता जे सांगणार आहे ते कुठल्याही पर्यटनाच्या नकाशावर नाही.

आत्यानं रोडग्यांचा बेत केला होता. रोडगे म्हणजे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, गव्हाचं जाडसर पीठ, मीठ, ओवा, तेलाचं मोहन, घट्ट मळायचं. मग लहान पोळ्या लाटून एकावर एक ठेवायच्या, प्रत्येकीला तेलाचा हात, आणि सगळ्यात बाहेरच्या पोळीनं ते सगळं गुंडाळून गोल गोळा करायचा, मुठीपेक्षा मोठा. वहिनी, म्हणजे आत्याची सून, हे काम इतक्या फटाफट करत होत्या की मी दोन केले तेवढ्यात त्यांचे दहा झाले, आणि माझे दोन त्यांनी हळूच परत उघडून नीट केले. अंगणात दादानं, आत्याच्या मुलानं, गोवऱ्या रचून पेटवून ठेवलेल्या. ज्वाळ पूर्ण बसू द्यायची, धूर संपला पाहिजे, लाल इंगळ राहिले की त्यात रोडगे ठेवायचे आणि वरून गरम राख ओढायची. मग मात्र हलायचं नाही, दर थोड्या वेळानं फिरवत राहायचं, नाहीतर एक बाजू कोळसा आणि आत कच्चं. हे फिरवायचं काम गड्यांचं. मोठेबाबा लाकडी पाटावर बसून लांब चिमट्यानं एकेक फिरवत होते आणि दादाला "जास्त राख नको ओढू" म्हणून दम देत होते, दादा स्वतः पन्नाशीचा.

तासाभरानं काढले, गोणपाटात घालून घोळले की राख झडते. फोडला की आतले पापुद्रे सुटे होतात, वाफ येते, त्यावर साजूक तूप ओतायचं, थोडंथोडकं नाही, ओतायचं. सोबत वांग्याची तर्रीवाली भाजी चुलीवर मोठ्या गंजात केलेली, आणि तुरीचं घट्ट वरण. शेवटी उरलेला रोडगा गुळ-तुपात चुरायचा. पोरानं तीन खाल्ले, घरी अर्धी पोळी संपवायला त्याला मोबाईल लागतो. रात्री शेकोटीपाशी हिरवा हरभरा भाजून खाल्ला, सगळ्यांची बोटं आणि ओठ काळे.

रविवार

सुलतानपूरहून लोणार जवळच. आत्याही निघाली, कमळजादेवीची ओटी भरायची म्हणे, हळदीकुंकवाच्या पुड्या पदराला बांधून.

आधी दैत्यसूदन मंदिरात गेलो, गावात आहे, वस्तीच्या मधोमध. चांदणीसारख्या कोनांचा पाया, बाहेरून एक इंच जागा मोकळी सोडलेली नाही इतकं कोरीव काम. लोक बाहेरची शिल्पं बघून, सेल्फी काढून जातात, पण खरी गंमत आत छतावर आहे. आत अंधार असतो, मोबाईलचा टॉर्च वर मारला की विष्णूच्या कथा दिसायला लागतात, वर मान करून करून मान दुखते. विष्णू लवणासुराच्या अंगावर उभा आहे. बाराव्या-तेराव्या शतकातलं मंदिर. ज्यानं छतावर एवढं काम केलं त्याला माहीत असणार की खाली उजेड पोचत नाही, तरी केलं.

तिथून काठावर. फोटोत लोणार कधीच नीट येत नाही, सगळं एका फ्रेममध्ये बसवायला ड्रोनच पाहिजे. सपाट माळरान चालू असतं आणि एकदम जमीन संपते. व्यास साधारण १.८ किलोमीटर, खोली दीडशे मीटरच्या आसपास, जवळपास गोल. उल्का आदळून झालेलं विवर, आणि तेही बेसॉल्ट म्हणजे आपल्या काळ्या कातळात, त्यामुळं चंद्रावरच्या विवरांचा अभ्यास करणाऱ्यांना याचं फार कौतुक. आधी बरेच दिवस हा ज्वालामुखीचाच खड्डा आहे असं समजत, मग इथल्या दगडात मस्केलीनाइट नावाची काच सापडली, ती प्रचंड धक्क्यानंच तयार होते, आणि वाद मिटला. वय किती यावर मात्र शास्त्रज्ञांचं एकमत होत नाही, आधी ५२ हजार वर्षं सांगत, नंतरच्या मोजणीत साडेपाच लाखांच्या पुढं गेलं. सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्यानं १८२३ साली याची नोंद केली म्हणून बोर्डावर त्याचं नाव असतं, जणू त्याच्या आधी हे कोणाला दिसलंच नव्हतं. अकबराच्या काळातल्या ऐन-ए-अकबरीत लोणार आहे, इथं काच आणि साबण बनवायला लागणारा माल मिळतो असं लिहिलंय.

खाली उतरायच्या आधी धारेवर गेलो. काठाजवळच देवळांच्या मध्ये गोमुखातून पाण्याची धार पडते, बारा महिने, उन्हाळ्यातसुद्धा. लोक खाली उभं राहून आंघोळी करत होते, जानेवारीतही. मोठेबाबा सरळ ओंजळ लावून प्यायले, "हे पानी गोड हाय, अन् हेच खाली जाऊन खारं होते, सांग बरं काहून?" पोराला प्रश्न. पोरगं राक्षसाच्या रक्तावर गेलं, कारण आत्यानं रात्री तेच सांगितलं होतं. मग नवऱ्यानं समजावलं, पाणी आत येतं पण बाहेर जायला वाट नाही, ऊन पाणी उडवून नेतं आणि दगडातून झिजून आलेले क्षार मागं राहतात, हजारो वर्षं हेच चालू. त्यानं तळ्याचं पाणी सोड्याचं झालं, पीएच दहाच्या आसपास, म्हणजे चांगलंच आम्लारी. पूर्वी या तळ्यातून खार काढायचा धंदाच चालायचा, डल्ला, पापडी, भुस्की अशा त्याच्या प्रती होत्या. आत्याच्या सासूबाई लोणारचाच खार पापडात घालत असत, आत्याच्या मते तसे पापड नंतर कधी फुललेच नाहीत.

उतरायची वाट दाट झाडीतून जाते, साग, सीताफळ, वानरांची टोळी, दोन मोर. अभयारण्य आहे, आणि २०२० पासून रामसर स्थळही, म्हणजे जगात महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा. त्याच वर्षी जूनमध्ये पाणी गुलाबी झालं होतं, तेव्हा सगळ्या चॅनलवर लोणार होतं. क्षार वाढल्यावर फोफावणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग, पुण्याच्या आघारकर संस्थेनं तपासून सांगितलं. आता बरोबर उलटा प्रकार आहे, पाणी चांगलंच वर चढलंय. काठानं फिरायची पायवाट मधेच पाण्यात जाते, झाडं कमरेइतक्या पाण्यात उभी, कमळजादेवीच्या देवळापाशीही पाणी आलेलं. काठावर पूर्वी सडक्या अंड्यासारखा वास यायचा असं मोठेबाबा सांगत होते, आम्हाला फार जाणवला नाही. गोडं पाणी असंच येत राहिलं तर तळ्याचा खारेपणा जाईल आणि त्यातले इतर कुठं न सापडणारे जीवही जातील अशी जाणकारांना काळजी आहे. दादाचं म्हणणं वेगळं, आमच्या विहिरींना पाणी टिकलं तर वाईट काय. काठावरच्या माणसाला हे कसं समजवायचं मला कळलं नाही, मी गप्प बसले.

आत्यानं लांबूनच देवीला हात जोडले आणि ओटी दुसऱ्या बाईच्या हाती दिली. मी तिच्याकडून चिमूटभर हळद मागून घेतली, तळहातावर ठेवून पोराला म्हटलं यावर तळ्याचं पाणी टाक. पिवळी हळद डोळ्यादेखत विटकरी लाल झाली, आम्लारी पाण्यात ती असा रंग बदलते. "दर्शक! आम्हाला शाळेत आहे हे!" म्हणून पोरगं नाचायला लागलं, मग दहा मिनिटं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला करून दाखवत होतं, आत्याची अख्खी पुडी संपली. आत्याला काही ते आवडलं नाही, तिच्या मते हळदीचं कुंकू झालं म्हणजे देवीनं ओटी घेतली आणि त्याचा खेळ करू नये.

खाली आणखी बरीच देवळं आहेत, रामगया, वाघमहादेव, मुंगळ्याचं देऊळ, काही झाडांच्या मुळांनी पार धरून ठेवलेली. पाण्यामुळं आम्हाला दोनच जमली. वर चढताना मात्र दम निघतो. मोठेबाबा अर्ध्या वाटेवर बसले, आम्हाला वाटलं त्रास झाला, तर म्हणे "चढावर गाडी थंडी करून घ्यावं लागते."

सोमवार

सकाळी आधी गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत झेंडावंदन. प्रभातफेरी, लाउडस्पीकर, तीस-चाळीस पोरं, आणि सरपंचबाईंचं भाषण दीड मिनिटात संपलं त्याला सगळ्यात जास्त टाळ्या. बुंदीचं पाकीट घेऊन निघालो. बिबी, दुसरबीड, किनगाव राजा करत सिंदखेडराजा.

बारा जानेवारीला इथं जिजाऊ जन्मोत्सवाला लाखोंची गर्दी असते, आम्ही गेलो तेव्हा मंडपाचे बांबू आणि फ्लेक्स तेवढे शिल्लक होते. खरं तर असंच जावं. लखुजीराव जाधवांच्या राजवाड्याचा दरवाजा मेन रोडलाच आहे, भलामोठा, त्याच्यापुढं आपली गाडी खेळण्यातली वाटते. आत जिजाऊंचं जन्मस्थान, १२ जानेवारी १५९८. सगळे चपला काढून जातात, कोणी सांगावं लागत नाही. एका शाळेची सहल आलेली, मुली जिजाऊ वंदना म्हणत होत्या, एकीचा आवाज खणखणीत. रंगमहालात रंगपंचमीला शहाजी आणि जिजाऊ लहान असताना एकमेकांवर रंग टाकत होते आणि लखुजी सहज म्हणून गेले की जोडा शोभतो, ती गोष्ट इथलीच सांगतात.

पण मला सगळ्यात जास्त थांबवलं ते लखुजीरावांच्या समाधीनं. मोठी घुमटाची इमारत, बऱ्याच लोकांना लांबून कबर किंवा मशीदच वाटते. जुलै १६२९ मध्ये लखुजीराव निजामशहाच्या भेटीला दौलताबादला गेले आणि दरबारातच त्यांना, त्यांच्या मुलांना आणि नातवाला कापून काढलं. अचलोजी, राघोजी, यशवंतराव, एका दिवसात एका घरातले एवढे. तारखा लावून बघितल्या तर शिवरायांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० चा, म्हणजे जिजाऊंना दिवस गेलेले असताना माहेर असं संपलं. हे शाळेत शिकलो होतो, पण समाधीपुढं उभं राहून महिने मोजले तेव्हा कुठं लागलं.

समाधीच्या आवारात २०२४ साली पुरातत्त्व खात्याचं दुरुस्तीचं काम चालू होतं, तेव्हा खाली जुन्या शिवमंदिराचे अवशेष निघाले, आणि आणखी खाली शेषशायी विष्णूची मूर्ती. १.७० मीटर लांब, १ मीटर उंच, लक्ष्मी पाय चेपतेय, समुद्रमंथनही कोरलेलं. दगड आपला काळा बेसॉल्ट नाही, राखाडी क्लोराइट शिस्ट, म्हणजे बाहेरून आणलेला. मेहकरला १८८८ मध्ये विष्णू निघाला, सिंदखेडला २०२४ मध्ये. दादा म्हणतो आमच्याकडं बोअर मारताना पाणी लागत नाही, देव लागतो.

बहुतेक लोक राजवाडा आणि समाधी बघून गाडीत बसतात. मोठेबाबांनी आम्हाला बसू दिलं नाही. "पानी पाह्यलं का? मंग गाव काय पाह्यलं?" त्यांच्या मागं मागं पुतळा बारवेवर गेलो. पायऱ्या उतरत जायच्या, दोन्ही बाजूंच्या भिंतींवर दगडी आकृत्या, म्हणूनच पुतळा बारव. कोणा बाईच्या दंडावरची वाकी, कोणाच्या हातातलं वाद्य, नाक-डोळे झिजलेत पण उभं राहण्याची ढब तशीच. पाण्यात प्लास्टिकच्या बाटल्या आणि हार तरंगत होते, त्यावर काय बोलणार, ज्यांनी टाकले ते वर "जय जिजाऊ" म्हणूनच आले असतील.

सजना बारव लांबूनच बघितली, मग मोती तलाव. जाधवांच्या काळातलं धरणच म्हणा, दगडी बांध अजून पाणी अडवून उभा आहे. काठावर बायका धुणं धूत होत्या, एक म्हातारा म्हशी पाजत होता, म्हैस पाण्यात बसल्यावर त्याला काही घाई राहिली नाही. पलीकडं चांदणी तलाव, त्याच्या मधोमध पाण्यात वास्तू बांधलेली, तिथं जायचं कसं यावर पोरगं प्लॅन करत बसलं. बांधावरून चालताना लक्षात येतं की ही सगळी ठिकाणं एकाच डोक्यातून आली आहेत. इथं बारमाही मोठी नदी गावातून जात नाही, पाऊस चार महिने, तोही भरवशाचा नाही. राजधानी करायची तर आधी पाणी साठवा, मग वाडे बांधा. लखुजीराव गेले त्याच्या पुढच्याच वर्षी, १६३० ला, दख्खनचा तो भयंकर दुष्काळ सुरू झाला, दोन वर्षं चालला, माणसं गावं सोडून गेली. तेव्हा या तलावांवर काय वेळ आली असेल, किती लांबून लोक घागरी घेऊन आले असतील, याची कोणी नोंद ठेवली असती तर मी ती आधी वाचली असती, लढायांच्या आधी. काळा कोट मात्र बाहेरूनच पाहिला, काळ्या दगडाच्या जाडजूड भिंती, काम अर्धवटच राहिलेलं.

जेवण गावातच केलं, बेसन-भाकर-ठेचा, आणि ठेचा खाऊन पोराच्या डोळ्यातून पाणी. तीनला निघालो ते देऊळगाव राजा, चिखली, खामगाव असे. खामगावला कचोरी घेतल्याशिवाय नवरा गाडी पुढं काढत नाही, त्यात अर्धा तास गेला.

जायचं असेल तर मार्चच्या आत जा, एप्रिलनंतर लोणारच्या खाली उतरायचं नाव काढू नका. लोणारला सकाळी आठच्या आत काठावर असा, उतरायला पायात बूट असू द्या आणि खाली पाणी वाढलेलं असेल तर वानरांच्या नादानं आडवाटेला शिरू नका. सिंदखेडराजाला निदान अर्धा दिवस काढा आणि बारवांचा रस्ता दुकानदारांना न विचारता एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, लवकर सापडतो. दैत्यसूदनला टॉर्च. मेहकरची धर्मशाळा दुपारच्या उन्हासाठी राखून ठेवा. रोडग्यांसाठी आमच्या आत्याचा पत्ता मागू नका, मोठेबाबांनी तिला फेब्रुवारीचंही सांगून ठेवलंय.